माइल्स विकत घेऊन आईवडिलांना बिझनेस क्लासनं पाठवणं परवडतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही तासगावचे, बेदाण्याच्या व्यापारातले. बहीण न्यू जर्सीत आहे. आईवडिलांना मे महिन्यात तिकडे पाठवायचंय, ऑक्टोबरात परत आणायचंय. वडील ७४ वर्षांचे, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आई ७० वर्षांची. बिझनेस क्लासचं जाऊन-येऊन तिकीट माणशी ३,४०,००० रुपये सांगितलंय आणि इकॉनॉमीचं १,१५,०००. एका परदेशी विमान कंपनीची ऑफर आली आहे: ३.३ सेंटला एक माइल, म्हणजे ज्यावर तिकीट काढता येतं असा कंपनीच्या बक्षीस योजनेतला गुण, आणि जेवढे घ्याल तेवढेच बोनस. दोन लाख घेऊन चार लाख करायचे आणि त्यातून दोघांची बिझनेस क्लासची तिकिटं काढायची, असा तुमचा बेत आहे. तुमच्या हिशोबानं १,४०,००० रुपये वाचतात. ऑफर संपायला तीन दिवस उरलेत.

आधी उत्तर सांगतो. या तीन दिवसांत घेऊ नका. पुढे मात्र कदाचित घ्यावेत, तेही जाण्याच्या दोन सीट डोळ्यांनी दिसल्यावर आणि तेवढ्या सीटपुरतेच. असं का म्हणतोय ते सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वर्षी ऑफर दुसऱ्या कंपनीची असेल, आकडे वेगळे असतील, तेव्हाही तुम्हाला हाच हिशोब करता यायला हवा.

मी सांगलीत, विश्रामबागला, बावीस वर्षं तिकिटांचं काम करतो. सांगली, मिरज, तासगाव, विटा इथल्या घरांतून मुलाबाळांकडे जाणारे आईवडील हे माझं निम्म्याहून जास्त काम आहे. माइल्सवर काढलेली रिवॉर्ड तिकिटं गेली दहा-बारा वर्षं करतोय. त्यात लोकांचा खरा फायदा झालेलाही पाहिला आणि पैसे अडकलेलेही पाहिले.

तुमच्या हिशोबात काय राहिलं ते बघू. एका माणसाला एका बाजूचे ९०,००० माइल्स लागतील असं तुम्ही धरलंय. दोघांचे जाऊन-येऊन ३,६०,००० होतात. बोनस धरून माइल पडतो १.६५ सेंटला, म्हणजे डॉलर ९० रुपये धरला तर जवळपास दीड रुपयाला. ३,६०,००० गुणिले दीड म्हणजे ५,४०,०००. रोखीचं तिकीट ६,८०,०००, म्हणून १,४०,००० वाचले. इथपर्यंत गुणाकार बरोबर आहे.

पण तुम्ही ३,६०,००० घेत नाही, चार लाख घेताय. चार लाखांचे झाले ६,००,०००. पैसे डॉलरमध्ये जाणार. आपल्याकडच्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकूण ४.१३ टक्के, तुमच्या रकमेवर सुमारे २४,८०० रुपये. मग रिवॉर्ड तिकीट फुकट नसतं. विमानतळाचे कर आणि शुल्क रोख भरावे लागतात. ते एका बाजूला माणशी ७,००० धरा, म्हणजे चार वेळचे २८,०००. बेरीज झाली ६,५२,८००. रोखीच्या तिकिटापेक्षा फरक राहिला २७,००० रुपयांचा. आणि ४०,००० माइल्स खात्यात पडून, ज्यांचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही.

२७,००० रुपयेही कमी नाहीत, असं कुणी म्हणेल. पण त्यासाठी तुम्ही साडेसहा लाखांवर जी जोखीम घेताय ती कुठली, हे बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

तुम्ही बेदाणा शीतगृहात ठेवता. भाडं जातं, भाव पडू शकतो, पण माल तुमचा असतो आणि वजन तेवढंच राहतं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहायची, तीही ठेवणाऱ्याचीच. माइल्सचं तसं नाही. इथे वजनकाटा कंपनीच्या हातात आहे. आज ज्या सीटला ९०,००० लागतात तिला उद्या सकाळी १,१०,००० लागतील असं ती ठरवू शकते, आणि ते तिच्या नियमांत बसतं. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीनं २०१५ मध्ये माइल्सचे ठरलेले तक्ते काढून टाकले, युनायटेडनं स्वतःच्या विमानांसाठी २०१९ मध्ये. तेव्हापासून एका सीटला किती माइल्स लागणार हे त्या त्या दिवशीच कळतं. विकत घेतलेले माइल्स परत करता येत नाहीत. विमान रद्द झालं, बेत बदलला, आजारपण आलं, तरी परत मिळतील ते माइल्स मिळतील, पैसे नाहीत. रुपयाचे माइल्स होतात, माइल्सचे रुपये होत नाहीत. कंपनीच बसली तर काय होतं तेही आपण पाहिलंय. किंगफिशरची विमानं २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली तेव्हा माइल्सवाल्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

मिरजेचं एक डॉक्टर दांपत्य माझ्याकडे आलं होतं. अशाच एका ऑफरमध्ये त्यांनी अडीच लाख माइल्स आधी घेऊन ठेवले होते. जायचं कधी ते नंतर बघू म्हणाले. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख पुढे गेली. मधल्या काळात त्या मार्गाला लागणारे माइल्स वाढले. शेवटी हातातल्या माइल्समध्ये एकाचंच जाणं-येणं बसलं आणि दुसऱ्याचं तिकीट रोखीनं काढावं लागलं, ते इकॉनॉमीचं. सत्तरीच्या आसपासची दोघं एकाच विमानात पुढे-मागे बसून गेली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण तेव्हापासून मी सीट दिसल्याशिवाय कुणालाही माइल्स घेऊ देत नाही.

सीट दिसणं म्हणजे काय, हा या सगळ्यातला मुख्य मुद्दा आहे. विमानात बिझनेस क्लासच्या तीस-चाळीस सीट असतात. त्यातल्या रिवॉर्डसाठी किती सोडायच्या हे कंपनी ठरवते, आणि भागीदार कंपन्यांच्या माइल्सवाल्यांसाठी त्याहून थोड्या सोडते. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, युनायटेड, एअर कॅनडा हे सगळे त्याच गटातले. त्यामुळे एकाचे माइल्स घेऊन दुसऱ्याच्या विमानानं जाता येतं. पण कागदावर जाता येतं आणि हव्या त्या तारखेला दोन सीट मिळतात, यात मोठं अंतर आहे. सिंगापूर एअरलाइन्स तर लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासच्या सीट भागीदारांना सहसा देतच नाही; त्या हव्या असतील तर त्यांच्याच क्रिसफ्लायर योजनेचे माइल्स लागतात.

तुमच्या बाबतीत दोन सीट एकाच विमानात हव्यात आणि त्याही मे महिन्यात. मे म्हणजे आपल्याकडून सगळे आईवडील निघायचा महिना. रिवॉर्डच्या सीट साधारण ३३० ते ३६० दिवस आधी खुल्या होतात, तेव्हा काही मिळतात. मग मधले अनेक महिने कोरडे जातात. आणि निघायच्या आधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत न विकलेल्या सीट पुन्हा सुटतात. एकटा तरुण माणूस त्या शेवटच्या दोन आठवड्यांवर भरवसा ठेवू शकतो. ७४ वर्षांच्या माणसाला, औषधं, विमा आणि सोबत ठरवायची असताना, तसं टांगणीला लावता येत नाही.

मुंबईहून थेट न्यूयॉर्ककडे जाणारं विमान पंधरा-सोळा तासांचं असतं, आणि आईवडिलांना तेच हवं असतं. पण थेट विमानात भागीदार माइल्सवर बिझनेस क्लासच्या दोन सीट मला फार कमी वेळा मिळाल्या आहेत. मिळतात त्या बहुतेक फ्रँकफर्ट, झुरिक, इस्तंबूल अशा एका ठिकाणी विमान बदलून. म्हणजे तुमच्यासमोर थेट विमानात इकॉनॉमीत बसून जायचं की एकदा विमान बदलून बिझनेसमध्ये झोपून जायचं, असाही पर्याय येईल. माझं मत विचाराल तर, व्हीलचेअर नोंदवलेली असेल आणि मध्ये तीन तासांचा अवधी असेल, तर गुडघ्याच्या माणसाला झोपून गेलेलं बरं. दीड तासाचं कनेक्शन मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही तिकीट काढायच्या आधी तपासा.

आता वाचले म्हणजे काय, त्याबद्दल थोडं. तुम्ही तुलना ३,४०,००० च्या तिकिटाशी केली. माइल्सची ऑफर आली नसती तर तुम्ही ते तिकीट काढलं असतं का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, नसतं काढलं. इकॉनॉमीचं काढलं असतं आणि पुढची लेगरूमची सीट घेतली असती. तसं असेल तर यात तुमचं काही वाचत नाहीये. तुम्ही २,३०,००० च्या जागी साडेसहा लाख खर्च करताय. आईवडिलांसाठी तो खर्च करायला माझी अजिबात ना नाही. वडिलांनी आयुष्यभर बागेत राबून हे उभं केलं असेल तर एका प्रवासात त्यांना पाय लांब करून झोपता यावं, ही इच्छा अगदी योग्य आहे. फक्त तो खर्च म्हणून ठरवा. बचत म्हणून मनात धरलं की माणूस गरजेपेक्षा जास्त माइल्स घेतो.

रोखीच्या भावाबद्दल एक विचारून घ्या: ३,४०,००० मध्ये जीएसटी धरलाय का? २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी वर्गांच्या विमान तिकिटावर तो १२ चा १८ टक्के झाला. जुन्या अंदाजानं सांगितलेला भाव असेल तर तुलना फसते. आणि तुम्ही स्वतः व्यापाराच्या कामासाठी, फर्मच्या नावानं जात असाल तर त्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचा विचार सीएला विचारून करता येतो, तेव्हा रोखीचं तिकीट तेवढं स्वस्त पडतं. आईवडिलांच्या घरगुती प्रवासाला ते लागू नाही. शिवाय रोखीच्या तिकिटावर नवे माइल्स मिळतात, रिवॉर्ड तिकिटावर सहसा मिळत नाहीत.

मग माइल्स विकत घेणं परवडतं कधी? माझ्या अनुभवात मुख्यतः एका बाजूच्या प्रवासाला. बऱ्याच परदेशी कंपन्यांचं बिझनेस क्लासचं एकेरी तिकीट हे जाऊन-येऊन तिकिटाच्या निम्म्याहून बरंच महाग असतं. माइल्समध्ये मात्र एका बाजूला सहसा निम्मेच लागतात. आणि आपल्या भागातल्या आईवडिलांचं येणं कधी ठरल्या तारखेला होत नाही. बहिणीचं बाळंतपण असो, दिवाळी असो, नाहीतर इकडे द्राक्षाच्या छाटणीची घाई असो, तारीख हलतेच. म्हणून जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगळं ठेवणं त्यांना सोयीचं पडतं.

तुमच्या आकड्यांवर हे मांडून बघा. फक्त जाण्याचं बिझनेस क्लासनं: दोघांचे १,८०,००० माइल्स, दीड रुपयानं २,७०,०००. मार्कअप धरून सुमारे २,८१,०००, करांसह २,९५,०००. येताना इकॉनॉमीचं एकेरी तिकीट माणशी ६५,००० धरलं तर १,३०,०००. एकूण ४,२५,०००. म्हणजे पूर्ण इकॉनॉमीपेक्षा १,९५,००० जास्त, आणि पूर्ण बिझनेसच्या रोखीपेक्षा अडीच लाखांनी कमी. तेवढ्या छोट्या खरेदीवर पूर्ण बोनस मिळतो का ते मात्र बघा. काही ऑफरमध्ये मोठ्या खरेदीलाच पूर्ण बोनस असतो.

जातानाच का, याला आपल्या भागाचं कारण आहे. अमेरिकेची विमानं मुंबईहून बहुधा मध्यरात्रीनंतर निघतात. तासगावहून दुपारी निघायचं, खंबाटकी, एक्स्प्रेस वे, मुंबईची गर्दी, असे आठ-नऊ तास गाडीत बसून रात्री विमानतळावर पोचायचं, तिथे तीन तास उभं-बसं करायचं, आणि मग सोळा तासांचा प्रवास सुरू. मुंबईचा माणूस जेवून, पडून निघतो; आपला माणूस विमानात बसतो तेव्हाच दमलेला असतो, पाय सुजलेले असतात. येताना मुंबईत उतरल्यावर नातेवाइकांकडे एक रात्र थांबून मग गाडीत बसता येतं. माझ्या स्वतःच्या आईला मी असंच पाठवलं होतं, जाताना पुढे आणि येताना मागे, आणि जाण्याच्या बाजूला खर्च केला तो बरोबर जागी केला असं आजही वाटतं.

परवडण्याची दुसरी वेळ म्हणजे थोडे माइल्स कमी पडत असतील तेव्हा. तुमचा व्यवसाय आहे, कार्डावर खर्च होत असणार. ॲक्सिस, एचडीएफसी, अमेरिकन एक्स्प्रेस यांच्या काही कार्डांचे पॉइंट्स विमान कंपन्यांच्या माइल्समध्ये बदलता येतात. दोघांच्या जाण्याला १,८०,००० हवेत आणि पॉइंट्समधून १,४०,००० होत असतील तर उरलेले ४०,००० विकत घ्यायला मी कधीच नको म्हणत नाही. तेवढ्यासाठी दीड रुपया दिला तरी संपूर्ण तिकीट स्वस्तात पडतं. तुमच्या कार्डांवर काय साठलंय ते आज संध्याकाळीच बघा. ऑफर बघायच्या आधी हेच बघायला हवं होतं, असं मला वाटतं.

कुठल्या कंपनीचे माइल्स घेता यावर करांचा आकडा हलतो. युनायटेड, एअर कॅनडाचं एरोप्लान आणि एव्हियांकाचं लाइफमाइल्स हे भागीदारांच्या तिकिटांवर इंधन अधिभार लावत नाहीत. उलट ब्रिटिश एअरवेजच्या बिझनेस क्लासच्या रिवॉर्ड तिकिटावर कंपनीचे स्वतःचे अधिभार इतके असतात की माझे ७,००० कुठल्या कुठे राहतात. म्हणून माइल्स किती लागतात एवढंच बघून थांबू नका. पैसे भरायच्या पानापर्यंत जा आणि खालची रोख रक्कम वाचा. मुदतही बघा. क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी संपतात, युनायटेडचे संपत नाहीत, बऱ्याच कंपन्यांचे खात्यात काही हालचाल झाली नाही तर संपतात.

घाईबद्दल एवढंच, की या ऑफर परत येतात. वर्षातून अनेकदा येतात, कधी बोनस थोडा जास्त, कधी कमी. युनायटेड, एव्हियांका यांच्याकडे माइलचा पाटीवरचा, म्हणजे बोनसशिवायचा, भाव तीन सेंटच्या वर असतो आणि त्या भावानं जाणकार कुणी घेत नाही. शेवटचे तीन दिवस असं लिहिलेलं मी इतक्या वेळा वाचलंय की त्या तारखेवरून मी कुठलाही निर्णय घेत नाही. निर्णय सीटच्या तारखेवरून होतो.

आणखी एका गोष्टीपासून मनापासून सावध करतो. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर निम्म्या किमतीत माइल्स किंवा माइल्सची तिकिटं देणारे लोक असतात. माणसामाणसांत माइल्स विकायला विमान कंपन्यांची बंदी आहे. सापडलं तर तिकीट रद्द आणि खातं बंद. वाळवा तालुक्यातल्या एका कुटुंबाचं असंच तिकीट निघायच्या आदल्या दिवशी रद्द झालं. बॅगा भरलेल्या, गाडी सांगितलेली. ते माझ्याकडे रात्री आले आणि दुप्पट भावानं इकॉनॉमीची तिकिटं काढावी लागली. विकणाऱ्याचा फोन बंद.

तर तुम्ही काय करावं ते सांगतो. दोघांचे व्हिसा पासपोर्टवर आहेत का, ते आधी. नसतील तर माइल्सचा विचारच पुढे ढकला. असतील तर ज्या कंपनीचे माइल्स घ्यायचे तिचं खातं आजच उघडून ठेवा, फुकट असतं. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच घाला. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं ते कधी येतं कधी राहतं, आणि तिथूनच पुढे अडचण होते. काही कंपन्या नव्या खात्याला लगेच माइल्स विकत नाहीत, म्हणूनही खातं आधी हवं. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करा आणि मर्यादा वाढवा.

मग मेमधल्या एका तारखेऐवजी दहा-बारा दिवसांची मुभा ठेवून दोन सीट शोधा. एकाच संकेतस्थळावर दिसली म्हणून विश्वास ठेवू नका. पडद्यावर दिसणारी पण प्रत्यक्षात नसलेली सीट हा नेहमीचा प्रकार आहे. तीच सीट युनायटेड आणि एअर कॅनडा दोन्हीकडे दिसली तर बहुतेक खरी. फोनवरून खात्री करता आली तर करा, काही कंपन्या थोडा वेळ सीट राखूनही ठेवतात. मुंबई ते युरोप बिझनेस आणि पुढे इकॉनॉमी, असं मिसळून तर नाही ना, ते प्रत्येक टप्प्याचं बघा. सगळं जुळलं तर त्याच बैठकीत माइल्स घ्या आणि तिकीट काढा. माइल्स बहुतेक वेळा काही मिनिटांत खात्यात येतात, पण कधी एक-दोन दिवसही लागतात आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. ही जोखीम उरतेच. म्हणून पर्यायी तारीख हाताशी ठेवा.

मार्चअखेरपर्यंत सीट दिसली नाही तर थांबू नका. थेट विमानाचं इकॉनॉमीचं तिकीट काढा, कडेची सीट घ्या, आणि उरलेल्या पैशांतून मुंबईत विमानतळाजवळ एक दिवस हॉटेल घ्या, म्हणजे वडील सकाळी पोचून दिवसभर आडवे होऊन रात्री निघतील. तिकीट कुठलंही असो, व्हीलचेअर दोघांसाठीही नोंदवा. तिला पैसे पडत नाहीत, आणि वडिलांना एकट्याला नेलं तर आईंना त्या गर्दीत मागे धावावं लागतं.

तुमच्या कार्डांवर किती पॉइंट्स आहेत आणि बहिणीकडून तारखांची किती मुभा आहे ते कळवा, मग १,८०,००० चा हिशोब पुढे मांडू.